टाचा गार होईपर्यंत

खर्डीच्या आमच्या क्वार्टरमध्ये दुपारचं जेवण दोन ठिकाणी होई. घरची माणसं स्वयंपाकघरात जेवत आणि अण्णा स्टेशनात. आई गेल्यापासून अण्णांनी दुपारी घरी जेवायचं सोडलं होतं. विचारलं तर म्हणत, लढाईचे दिवस आहेत, गाड्यांचा नेम नाही, स्टेशनमास्तरनं हापीस सोडून कसं यायचं. ते खरं होतं, पण पुरतं खरं नव्हतं. आई वाढायची त्या चुलीसमोरच्या जागी पाट मांडला की त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे, हे मला कुणी न सांगता समजलेलं होतं. म्हणून त्यांचा डबा मी नेत असे. तांदळाच्या भाकऱ्या फडक्यात गुंडाळलेल्या, पेल्यात वालाचं बिरडं नाहीतर सुकट, आणि फोडलेला कांदा. रुळांच्या कडेनं खडी तुडवत जायचं, हापिसाच्या मागच्या दारानं आत शिरायचं आणि अण्णा जेवेपर्यंत स्टुलावर बसून राहायचं. मध्येच पुढच्या स्टेशनाची घंटी वाजे. ते उष्ट्या हातानं उठून डाव्या हातानं लाइन मोकळी असल्याचं कळवणाऱ्या यंत्राची मूठ फिरवत आणि परत येऊन उरलेली भाकरी खात. त्या वेळात ते माझ्याशी बोलत. कुठली गाडी कुठं अडली, कसाऱ्याला कुणाची कुणाशी जुंपली, आसनगावचा बाबू घंटीला उत्तर द्यायला किती वेळ लावतो. घरात सहसा न बोलणारा माणूस तिथं बोलायचा. भिंतीवरच्या पाट्यांवरून इंग्रजी अक्षरं त्यांनी मला तिथंच शिकवली. ती वेळ माझी होती. माझी म्हणावी अशी दुसरी कुठलीच वस्तू तेव्हा माझ्यापाशी नव्हती.

मग माई आली. ती मुरबाडची. तिच्या वडिलांचं तिथल्या बाजारात कापडाचं लहानसं दुकान होतं, पण ती वाढली कल्याणला मामाकडे, आणि तिथं इंग्रजी तिसरीपर्यंत शिकली होती. अण्णांची ही दुसरी बायको माझ्याहून सहा-सात वर्षांनीच मोठी असेल. "हिला माई म्हणायचं," एवढंच अण्णा म्हणाले. आई म्हणायला लावलं नाही, याबद्दल मी आजही त्यांची उपकृत आहे. माई उंच होती, केस दाट, आवाज खालच्या पट्टीतला. ती माझ्याशी वाईट वागली असती तर मला फार सोपं गेलं असतं. तिनं माझी वेणी घालायचा प्रयत्न केला, मी घालू दिली नाही. तिनं मला तिचं चांगलं लुगडं नेसून बघायला दिलं, मी नेसले नाही. पण मी खरी जळले ती तिच्या भाकऱ्यांवर. माझ्या भाकरीला एका बाजूला जाड काठ राहायचा. तिची भाकरी तव्यावर फुगे आणि खाली उतरताना कागदासारखी पातळ होई. डब्यात तिच्या भाकऱ्या जाऊ लागल्या. पहिल्या दिवशी अण्णांनी एक भाकरी हातात धरून उलटून पाहिली. आयुष्यात मी पुढं बरंच काही पाहिलं, पण ते उलटून पाहणं काही केल्या पुसत नाही.

तरी डबा न्यायचं काम मी सोडलं नाही. एकदा माई म्हणाली, "आज मी जाऊ का, सिंधू?"

"स्टेशनात बायका गेलेल्या चालत नाय," मी म्हटलं.

"आणि तू?"

"मी लहान आहे."

चौदा वर्षांची होते मी, आणि दुसऱ्या कुठल्याही बाबतीत मला कुणी लहान म्हटलेलं खपत नसे. माईनं पुन्हा विचारलं नाही. मी डबा घेऊन गेले की ती दारात उभी राही, आणि परत येईपर्यंत घर झाडून, भांडी घासून, परस शिंपून तिचं सगळं आटोपलेलं असे. मग तिला काही काम नसे. क्वार्टर दोन खोल्यांची, शेजार नाही, पुढं भाताची खाचरं आणि त्यापलीकडे रान. संध्याकाळी अण्णा येत, हातपाय धूत, बाहेरच्या खोलीत जेवत आणि पडत. दिवसभराचं बोलणं ते स्टेशनात माझ्यापाशी बोलून आलेले असत. हे मला कळत होतं, आणि कळून मला बरं वाटत होतं.

लढाईच्या त्या वर्षांत लष्कराच्या गाड्या आल्या की बाकीच्यांनी बाजूला व्हायचं असे. मालगाडीला तर कुणीच विचारत नसे. घाट मोकळा होईपर्यंत ती खर्डीला बाजूच्या रुळांवर काढून ठेवत, आणि तिथं ती कधी कधी अर्धा दिवस पडून राही. इंजिन पार तिकडे सिग्नलपाशी, आणि शेवटचा गार्डाचा डबा नेमका आमच्या परसाच्या तारेशी. थांबताना डबे एकामागून एक आदळत. तो आवाज दुरून आमच्याकडे चालत येई, आणि शेवटी आमच्या फळीवरचे पेले किणकिणत.

परेरा नावाचे एक म्हातारे गार्ड असे वरचेवर अडकत. त्यांचं घर इगतपुरीला. बायको वारलेली, एकुलता मुलगा लढाईवर गेलेला. पेन्शनीचं वय झालं होतं, पण माणसं कमी म्हणून त्यांना सोडत नव्हते. डब्याच्या पायरीवर बसून ते मुलासाठी लोकरीचे मोजे विणत. पुरुषमाणूस विणतो हे आम्ही तोवर पाहिलेलं नव्हतं. स्टेशनातला पोर्टर धर्मा खास तेवढं बघायला येऊन जायचा.

एके दिवशी परेरांनी तारेपाशी येऊन पाणी मागितलं. माईनं तांब्या भरून दिला. सवयीनं ते "थँक यू" म्हणाले, आणि माई खाली बघत म्हणाली, "नो मेन्शन, सर."

परेरांनी तांब्या तसाच हातात धरून ठेवला. "तुमी इंग्लिश बोलते?"

"थोडं. तिसरीपर्यंत शिकले. आता विसरत चालले."

"कायको विसरते?"

"बोलायला कोण आहे इथं?" माई म्हणाली. मग थोडा धीर करून तिनं विचारलं, "तुम्ही इथं दिवसभर काय करता?"

"आमी? आय अ‍ॅम कूलिंग माय हील्स." तिला कळलं नाही हे पाहून त्यांनी बूट वर करून टाच दाखवली. "हील म्हंजे ये टाच. कूल म्हंजे थंडा. बैठा हाय, काम नाय, कोण बुलावत नाय. बैठके बैठके टाच थंडा होते."

माई हसली. मी खिडकीशी तांदूळ निवडत बसले होते. आमच्या घरात आल्यापासून ती अशी मोकळी हसलेली मी पहिल्यांदा पाहत होते. हसताना तिच्या उजव्या गालाला खळी पडते हे मला तेव्हा कळलं. अण्णांना हे ठाऊक असेल का, हा विचार लगोलग मनात आला. असेलच, असं वाटून मी खडा समजून चांगला दाणा बाहेर टाकला.

त्यानंतर गाडी थांबली की परेरा चहा पीत आणि माईला एखादा नवा वाक्प्रचार सांगत. त्यांच्यापाशी रिकामं बसण्याचेच वाक्प्रचार जास्त होते. जन्मभर बाजूच्या रुळांवर बसलेल्या माणसाकडे दुसरे कुठले असणार? एकदा त्यांनी दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवून अंगठे गरगर फिरवून दाखवले, "ट्विडलिंग माय थम्ब्स." एकदा पायरीवर बसल्या बसल्या शाळकरी पोरासारख्या टाचा झाडून दाखवल्या, "किकिंग माय हील्स," त्याचाही अर्थ तोच. एकदा लोकरीचं सुटलेलं टोक वर धरलं आणि म्हणाले की काम नसलेल्या माणसाला "अ‍ॅट अ लूज एंड" म्हणतात. माई त्यांना आपल्याकडचे सांगे. आमच्यात माश्या मारत बसतात, असं तिनं सांगितलं तेव्हा परेरांनी गंभीरपणे विचारलं, "गिनती ठेवते काय?" आणि दोघंही किती वेळ हसत राहिली. आता माझ्या पतवंडांना या सगळ्यासाठी 'बोअर' हा एक शब्द पुरतो. शब्द पुरतो, पण हसू येत नाही.

मला हेवा कशाचा वाटत होता हे तेव्हा मला सांगता आलं नसतं. परेरा माझे कुणी नव्हते. पण इंग्रजी ही अण्णांची आणि माझी गोष्ट होती, स्टेशनातल्या स्टुलावरची. ती या बाईनं उचलून परसात नेली होती आणि माझ्याहून कितीतरी पुढं नेली होती. एकदा तिनं खिडकीकडे बघून हाक मारली, "सिंधू, ये ना बाहेर. तू पण शिक."

"मला काम आहे," मी म्हटलं. मला काहीही काम नव्हतं. तांदूळ निवडून झाले होते, ते मी सुपात परत पसरले. पण ऐकलेलं एकही अक्षर मी वाया जाऊ दिलं नाही. डबा नेताना खडीवर पाय टाकत ते इंग्रजी शब्द मी स्वतःशी घोकत असे. एका पावलाला कूल, दुसऱ्याला हील.

मुरबाडजवळच्या म्हसा गावची जत्रा आटोपली आणि अण्णांची थोरली बहीण आमच्याकडे राहायला आली. ही आत्या किन्हवलीला दिलेली. तिचे यजमान जत्रेत बैल बघण्यात गुंतले होते, त्यांना तिथंच सोडून ती दोन घोंगड्या आणि वालाचं गाठोडं घेऊन आली होती. आत्या मनानं वाईट नव्हती. आई आजारी असताना तिनंच तिचं सगळं काढलं होतं. तिला परस आवडायचं. दुपारी ती तिथं वाल सोलत बसली असताना मालगाडी आली, पेले किणकिणले, आणि परेरा उतरून तारेपाशी आले. त्यांचं नि माईचं बोलणं सुरू झालं तशी आत्या उठून आत आली.

"बाय, हा गार्ड रोज येते का गो?"

"रोज नाय. गाडी थांबली की."

"नि ही अशीच हसते?"

"हसते," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी आत्या माझ्याबरोबर डबा घेऊन स्टेशनात आली. अण्णांनी पहिला घास घेतला होता. ती उभ्यानंच बोलली, "तुझी बायको परसात तारेला टेकून त्या गार्डाशी इंग्रजीत बोलते. काय बोलते ते आमाला कळत नाय. पण हसते. मी बोलणार नाय कुठं. पण धर्मा बघते, रेल्वेचे खलाशी बघतात, गोष्ट किन्हवलीपावेतो यायला वेळ नाय लागायचा. तिला थोडे दिवस मुरबाडला धाड. बापाला सांग, पोरीला नीट समज द्या नि मग पाठवा."

अशा माहेरी धाडलेल्या बायका कशा परत येतात, किंवा येत नाहीत, हे मला ऐकून माहीत होतं. माझ्या डोळ्यांपुढं घर लगेच रिकामं झालं. फळीवरचं माईचं फणीकरंड्याचं सामान गेलं, दांडीवरची तिची लुगडी गेली, आणि चुलीपुढं जाड काठाच्या भाकऱ्या करत मी एकटी बसलेली मला दिसले.

"आक्का, तू घरी जा," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण मानेची शीर ताठ झाली होती. हेवा वाटणारं माणूस कसं दिसतं हे मला चांगलं कळत होतं. आत्या गेल्यावर त्यांनी डबा बाजूला सरकवला आणि मला विचारलं, "बाय, तू घरात असतेस. काय बोलतात ते?"

'मला नाय कळत इंग्रजी,' एवढं म्हणून मी मान खाली घातली असती तरी माईला घालवायचं काम झालं असतं. ते कळण्याइतकी मी मोठी होते. पण अण्णांनी ते मला विचारलं होतं, आणि ते इंग्रजी होतं, आणि ते मला येत होतं. माईला मामानं शिकवलं, परेरांनी शिकवलं. मला अक्षरांपुढचं कुणी न शिकवता येत होतं. हे त्यांना दाखवायची वेळ पुन्हा कधी येणार? चांगुलपणा त्यात कणभरही नव्हता. मी स्टुलावरून उठले, शाळेत कविता म्हणायला उभं राहतात तशी उभी राहिले आणि सुरुवात केली. टाचा गार करण्याचं सांगितलं. टाचा झाडण्याचं सांगितलं. सुटलेल्या टोकाचं सांगितलं. अंगठे फिरवण्याचं करून दाखवलं.

"ट्विडल," अण्णा म्हणाले. "ट-विडल नव्हे. एकदम म्हण."

मी एकदम म्हटलं. त्यांच्या मानेची शीर सैल झाल्यासारखी वाटली. "हेच बोलतात?"

"हेच. नि माईनं आपले सांगितले, माश्या मारण्याचा नि हातावर हात धरून बसण्याचा. नि एक मोठा आहे. टाइम हँग्ज हेवी ऑन माय हँड्स. हातांवर वेळेचं ओझं होतं म्हणे. तो माईनं दोनदा म्हणवून घेतला."

"सगळे रिकामं बसण्याचेच?"

"हो. माईच विचारते तसले." मग मला आठवलं, आणि अण्णा इतकं मन लावून माझं ऐकत आहेत या आनंदात मी तेही सांगून टाकलं. "परवा तिनं विचारलं, दिवसभर एखाद्या माणसाची वाट बघायची, आणि ते घरी आलं तरी आलंय असं वाटत नाही, याला इंग्रजीत काय म्हणतात."

"मग? ते काय म्हणाले?"

"म्हणाले, त्याला काय म्हंटात आमाला नाय मालूम. आमी मोजे विणतो."

तेवढ्यात घंटी वाजली. अण्णा उठले, यंत्राची मूठ फिरवली, खिडकीतून धर्माला हिरवं निशाण दाखवायला सांगितलं. गाडी धडधडत निघून गेली तरी ते खिडकीशीच उभे होते. परत येऊन त्यांनी उरलेली भाकरी फडक्यात बांधली. "जा, बाय," एवढंच म्हणाले. माझ्या उच्चारांबद्दल ते आणखी काही बोलतील म्हणून मी दाराशी थोडी रेंगाळले. ते पुन्हा खिडकीकडे वळले.

दुसऱ्या दिवशी मी डबा भरला, फडक्याची गाठ मारली आणि वळले तर दारात अण्णा बूट काढत होते. हाताखालच्या धाकट्या बाबूला हापिसात बसवून ते जेवायला घरी आले होते. आत्या वाल सोलायची थांबली. माई गडबडली, पण क्षणभरच. तिनं पाट घेतला आणि चुलीसमोरची ती जागा सोडून पार खिडकीखाली मांडला. तिला हे कुणी सांगितलं होतं? अण्णांनी नाही, मी तर नाहीच. जे फक्त मला कळतं असं मी इतके दिवस समजत होते, ते तिलाही न सांगता कळलेलं होतं. आत्या दोन दिवसांनी किन्हवलीला परत गेली. जाताना माईच्या हातावर एक घोंगडी ठेवून गेली. परेरांना पुढच्या खेपेला चहा अण्णा स्वतः घेऊन गेले आणि तिथंच तारेशी उभे राहून लढाईच्या बातम्या बोलत राहिले. माई त्या दोघांत उभी होती.

घर सुधारलं, सगळे म्हणाले. अण्णा रोज दुपारी घरी जेवू लागले. कुठली गाडी कुठं अडली, कसाऱ्याला कुणाची जुंपली, आसनगावचा बाबू किती झोपाळू, हे सगळं ते त्याच शब्दांत आता खिडकीखाली बसून सांगत, आणि माई भाकरी थापता थापता हुंकार देई. मीही तिथंच असायची, पण ते सांगणं माझ्यासाठी नव्हतं. मी खरं बोलले आणि माझी वेळ माझ्या हातानं दुसरीला देऊन बसले. कितीतरी दिवस मला ती फसवणूक वाटत राहिली, जशी काही खरं बोलल्याबद्दल मला कुणी बक्षीस कबूल केलं होतं. पुढं एका दुपारी जेवताना अण्णा माईला म्हणाले, "तू मराठी फायनलला बस. पास झालीस तर शाळेत मास्तरीण म्हणून घेतील." तिनं मान वर केली नाही, पण तव्यावरची भाकरी करपली. त्या घरात तिच्या हातून करपलेली ती पहिली भाकरी, आणि ती मी हौसेनं मागून खाल्ली.

फायनलची परीक्षा ठाण्याला होती. माई कल्याणला मामाकडे जाऊन राहिली. तेवढे दिवस घर माझं होतं, चूल माझी होती, अण्णा माझे होते. अण्णा जेवत, "बरं झालंय" म्हणत, आणि माझ्या डोक्यावरून खिडकीबाहेर बघत. ती परत येणार होती त्या दिवशी दुपारची पॅसेंजर लष्कराच्या गाडीसाठी मागं कुठंतरी अडकवून ठेवलेली होती. अण्णांची सुट्टी होती. ठेवणीतला कोट घालून ते आणि मी फलाटावरच्या बाकावर बसलो. कितीतरी दिवसांनी आम्ही दोघं तसे बसलो होतो. बोलायला सवड होती, आणि मी एक-दोन गोष्टी काढूनही पाहिल्या. अण्णा हो-हो म्हणत उठत, फलाटाच्या कडेला जाऊन कल्याणच्या बाजूला रुळांकडे बघून येत. घंटी वाजली की हापिसात डोकावून धाकट्या बाबूला विचारत. येणारी गाडी तीच आहे की दुसरी, हे त्यांना जन्मात कधी दुसऱ्याला विचारावं लागलं नव्हतं.

गाडी आली. माई बायकांच्या डब्यातून उतरली. चेहरा ओढलेला, पदरावर कोळशाची काजळी. अण्णांनी पुढं होऊन तिची ट्रंक घेतली. पेपर कसे गेले हे विचारायचं त्यांच्या अगदी ओठांवर होतं, पण फलाटावर माणसं होती, म्हणून ते ट्रंक घेऊन पुढं चालू लागले. माई मागं राहिली. तिनं माझा दंड धरला आणि माझ्या कानाशी वाकली.

"सिंधू, गणित वाईट गेलंय. फार वाईट. त्यांना एवढ्यात सांगू नकोस."

 तिनं हे मला सांगितलं होतं. ठाण्याहून खर्डीपर्यंत ते पोटात ठेवून आणून तिनं पहिल्यांदा मला सांगितलं होतं. त्या वर्षी ती गणितातच नापास झाली आणि पुढच्या वर्षी पास होऊन शहापूरला मुलींना शिकवू लागली, पण ते मागाहून. त्या वेळी मी तिची पिशवी घेतली आणि तिच्या बरोबरीनं खडीवरून चालू लागले.

अण्णा पुढं थांबले. ट्रंक खाली ठेवून त्यांनी वळून पाहिलं. "काय चाललंय दोघींचं?"

"काही नाय," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माईकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मग ट्रंक उचलून ते चालू लागले, आणि क्वार्टर येईपर्यंत आणखी दोनदा मागं वळले. मला फार बरं वाटलं.